घासाघीस थांबली तेव्हा

माझा धाकटा भाऊ वेलिंग्टनजवळ पोरिरुआला असतो. त्याला या देशात मी आणलं. त्याचा पहिला हिवाळा माझ्या खोलीत, माझ्या गादीवर गेला आणि मी खाली सतरंजी टाकून झोपले. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. माझी जोडीदार म्हणते, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही आता ते पाठ झालंय. झालं तर झालं. राग अधूनमधून उन्हात घालावा लागतो, नाहीतर त्याला कसर लागते आणि ज्याच्यावर राग आहे त्याला वाटतं, ही विसरली.

रागाचं कारण सांगायचं, तर आम्हा दोघींना मूल हवं होतं तिथपासून सांगावं लागेल.

माझं दुकान पापाटोएटोला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. डाळी, पिठं, मसाले, लोणची आणि दारात भाजीच्या पेट्या. सुरुवात काही दुकानाने झाली नव्हती. आधी किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून फळं निवडली, मग शनिवारच्या बाजारात टेबल लावून बटाटेवडे तळले, तेव्हा कुठे हा गाळा मिळाला. गाळ्याच्या मालकाशी भाड्यावरून मी इतकी भांडले, की शेवटी त्यानेच मला चहा पाजला आणि म्हणाला, तू माझ्याकडे नोकरीला ये. हे आमच्या रक्तातच आहे. आई साताऱ्याच्या मंडईत भाजी विकायची. ती म्हणायची, सांगितलेला भाव हा नुसता नमस्कार असतो, बोलणं त्याच्यापुढे सुरू होतं.

माझी जोडीदार पुण्याची. शहरात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, ट्रेनने जाते-येते. पहिल्यांदा दुकानात आली ती थालिपिठाची भाजणी शोधत. मी नवीन गिऱ्हाइकाला सांगते तसा चढा भाव सांगितला. तिने पर्स उघडली आणि पैसे पुढे केले. मी म्हटलं, अहो, काहीतरी कमी करा म्हणा की. ती म्हणाली, कशाला, तुम्ही विचार करूनच सांगितला असेल ना. मला असा संताप आला, की मी निम्मे पैसे तिच्या पिशवीत परत कोंबले आणि वर चिंचेचा गोळा दिला. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही आली. भाजणी एवढी कोण खातं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आम्ही एकत्र राहू लागलो आणि कायदा आल्यावर सिव्हिल युनियनही, म्हणजे लग्नासारखी सरकारी नोंदणीही केली. आई वर्षातले काही महिने माझ्याकडे आणि काही भावाकडे असायची. आमच्या दोघींबद्दल तिने बरेच दिवस तोंडातून शब्द काढला नाही. मग एकदा गवार मोडता मोडता म्हणाली, "ती पुण्याची चांगली आहे. तुझ्यासारखी तोंडाळ नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात ती पुणेकरीण झाली, आणि मीही तिला इथे तेच म्हणणार आहे.

मुलाचा विषय पुणेकरणीने काढला. रविवारी दुकान बंद करून आम्ही पाण्याकाठी फिरायला गेलो होतो. ओहोटी होती, सगळा चिखल उघडा पडला होता. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "मला मूल हवंय. म्हणजे आपल्याला. आणि माझ्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत." ती तेव्हा सदतीस वर्षांची होती. गाडीपाशी परत आल्यावर मी चपलांचा चिखल चाकावर घासून काढला. मग म्हटलं, चौकशी तर करू.

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला काय काय करता येतं ते सावकाश सांगितलं. मी ते बाजारात ऐकावं तसं ऐकलं, मला दुसऱ्या तऱ्हेने ऐकताच येत नाही. सर्वांत सोपं म्हणजे महिन्यातल्या नेमक्या दिवशी पातळ नळीने दात्याचं वीर्य गर्भाशयात सोडायचं. ते काही खेपांत जमलं नाही, तर इंजेक्शनं घेऊन अंडी बाहेर काढायची, प्रयोगशाळेत फळवायची आणि परत आत ठेवायची. ते शरीरालाही जड आणि खिशालाही. पण दोन्हीला आधी दाता हवा. क्लिनिककडे दाते मोजकेच होते. रांग वर्षाच्या पुढची होती आणि आपल्याकडचा माणूस त्या रांगेत जवळजवळ नसायचाच. मूल मोठं झालं की त्याला दात्याचं नाव कळण्याचा हक्क असतो, म्हणून पुष्कळ पुरुष मागे सरतात, असं त्या म्हणाल्या. शिवाय दात्याला अट घालता येत होती. कुणीकुणी सांगून ठेवायचे, फक्त नवराबायकोलाच द्या.

मी विचारलं, दात्याला काय देतात. काही नाही, त्या म्हणाल्या. कायद्याने देताच येत नाही. गाडीच्या पेट्रोलचा वगैरे खर्च फार तर.

मला ते पटेना. मी आयुष्यात कुणाचं फुकट घेतलेलं नाही. फुकट घेणारा देणाऱ्यासमोर कायमचा खाली बसतो. आणि इथे जगातली सगळ्यांत मोठी वस्तू, ती दानच घ्यायची, दुसरी सोयच नाही. मग मी रांगेबद्दल विचारलं, की जरा पुढे सरकायला काय करावं लागेल. पुणेकरणीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

जाण्याआधी मी माझंही विचारून घेतलं. एकीचं अंडं आणि दुसरीचं गर्भाशय, असं होतं म्हणे. होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण ते दान धरलं जातं, त्याची परवानगी वेगळी आणि वाट पाहणंही वेगळं. शिवाय तुमचं वय. मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्यांनी 'वय' हा शब्द इतक्या हळुवारपणे खाली ठेवला, की मला कळलं, माझा माल शिळा झालाय.

परतताना मी त्या बाईंना नावं ठेवत होते. पुणेकरीण गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "मला तुझ्यासारखं मूल हवं होतं. निदान नाक तरी."

माझं नाक आईचं, पुढून जरा फुगीर. तेच नाक पोरिरुआला माझ्या भावाच्या चेहऱ्यावर होतं.

त्यालाच विचारावं, असं आमच्या मनात आलं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, की ओळखीचा माणूसही चालतो आणि पुष्कळ जणी जोडीदाराच्या भावाला विचारतात, म्हणजे मुलाचं दोघींशीही नातं लागतं. मी विमानाने वेलिंग्टनला गेले, तिथून ट्रेनने पोरिरुआला. अशा गोष्टी फोनवर विचारत नाहीत. भाऊ आणि भावजय, दोघांना समोर बसवून विचारलं. विचार करून सांगतो, असं तो म्हणाला. भावजयीने जेवायला श्रीखंड केलं होतं, ते मी तीनदा घेतलं.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. जमणार नाही म्हणाला. इथवर ठीक होतं. नाही म्हणायचा हक्क त्याचा होताच, हे मी कधीही मान्य करीन. पण नाही म्हणायचीही एक रीत असते. तो पुढे म्हणाला, "ताई, मूल तर तिचं असणार. तुझं त्यात काय?"

यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दर गुरुवारी सकाळी पुकेकोहेहून एक शेतकरी माझ्याकडे भाजी घेऊन यायचा. त्याचे आजोबा नवसारीकडून इथे आलेले, तो इथेच जन्मलेला, गमबूट घालून व्हॅनमधून उतरणारा. बोलायचा इंग्रजीच, पण आजोबांकडून उचललेले चारदोन गुजराती शब्द त्यात पेरलेले असायचे. मला तो बेन म्हणायचा. त्याची मेथी उत्तम, फ्लॉवर त्याहून उत्तम, आणि हे त्याला मी कधीही कळू दिलं नव्हतं. आमची घासाघीस सगळ्या रस्त्याला माहीत होती. तो पेट्या उतरवायचा, मी त्यातल्या जुड्या उलट्यापालट्या करायची, तो आभाळाकडे बघायचा, मी त्याला दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव सांगायची, तो पेट्या परत व्हॅनमध्ये ठेवायला लागायचा. शेजारच्या डेअरीचा, म्हणजे इथल्या दूध-पाव-वर्तमानपत्रांच्या दुकानाचा मालक तेवढ्यासाठी दारात येऊन उभा राहायचा.

भावाच्या फोननंतरच्या गुरुवारी मी त्याच्याशी घासाघीस केली नाही, सरळ भांडलेच. तो म्हणाला, बेन, हे मेथीचं भांडण नाही. आणि मी, तिथेच फुटपाथवर, कांद्याच्या पोत्यावर बसून त्याला सगळं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी त्याने पेट्या उतरवल्याच नाहीत. टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "बेन, माझी बायको विचारतेय, तुम्ही आम्हाला का नाही विचारलं?"

त्याची बायको गोरी, शाळेत शिक्षिका. त्यांचं दुसरं मूल क्लिनिकच्या पुष्कळ पायऱ्या चढून झालेलं होतं, म्हणून तिला ती वाट ठाऊक होती. मी म्हटलं, नीट विचार करा. तो म्हणाला, आठवडाभर तेच चाललंय. मी सवयीने विचारलं, बदल्यात काय हवं. तो हसला. "बेन असं विचारेल, तर उत्तर देऊ नकोस, असं तिने मला घरूनच बजावून पाठवलंय."

पुणेकरणीला सांगितलं तेव्हा ती त्याच्या शेतावर जाऊन आली. तिथे काय बोलली ते मला कधी सांगितलं नाही. परतताना मातीने भरलेला मुळा घेऊन आली आणि म्हणाली, त्याचं नाकही वाईट नाही.

मग समुपदेशन. ते सगळ्यांना सक्तीचं होतं. आधी आम्ही दोघी, मग ते दोघं, मग चौघं एकत्र. समुपदेशक बाई मऊ आवाजाच्या, टिश्यूचा डबा नेहमी हाताशी. मूल त्याला काय म्हणेल, त्याच्या मुलांना काय सांगणार, आम्ही दोघी वेगळ्या झालो तर काय, त्याला पुढे ओढ वाटली तर काय. मला आधी हसू येत होतं, मग येईनासं झालं. त्या म्हणाल्या, कायद्याने तो बाप नसणार. जी बाळंत होईल ती आई, आणि तिच्या जोडीदाराच्या संमतीने हे झालेलं असेल, तर ती जोडीदारही पालक. हे मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यांना वाटलं मला समजलं नाही. मला फक्त ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, तुमचा आपसात व्यवहार आहे का. दर गुरुवारचा, मी म्हटलं. मग तो आहे तसाच चालू द्या, त्या म्हणाल्या, यामुळे कुणालाही फायदा-तोटा होता कामा नये.

त्याच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. वीर्य गोठवून ठेवलं आणि सहा महिने थांबायचं ठरलं, कारण तेवढ्या काळाने त्याची तपासणी पुन्हा करून मगच ते वापरायचं, असा नियम होता. आणि वापर होईपर्यंत त्याला कधीही मागे फिरता येत होतं.

त्या दरम्यान आई माझ्याकडे आली. तिला आम्ही सगळं सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला आणि एकच हुकूम काढला. "आता त्याच्याशी भाव करू नकोस. ज्याच्याकडनं लेकरू घ्यायचं, त्याच्याशी मेथीवरनं भांडायचं? सोयरा झाला तो."

मला ते पटलं. आमच्याकडे सोयऱ्याशी घासाघीस करत नाहीत. मंडईत व्याही आला तर आई त्याला वजनावर मूठभर जास्त घालायची आणि पैसे दिले तेवढे घ्यायची. समुपदेशक बाई काय म्हणाल्या होत्या ते माझ्या लक्षात होतं, पण बाईंना आमच्या रीती काय माहीत.

गुरुवारी त्याने भाव सांगितला. मी म्हटलं, बरं. तो तसाच उभा राहिला. मी पैसे मोजून दिले आणि चहा घेणार का, असंही विचारलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. मला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक, घरी आल्यावर मी पुणेकरणीशी भांडायची. तिसऱ्या खेपेला त्याने इतका अवाच्या सवा भाव सांगितला, की डेअरीवालासुद्धा खोकला. मी हसून होकार दिला. काही आठवड्यांनी त्याने यायचं बंद केलं. व्हॅन घेऊन त्याचा ड्रायव्हर येऊ लागला. मी मनात म्हटलं, हंगाम आहे, कामात असेल.

सहा महिने संपत आले आणि क्लिनिकमधून फोन आला. दात्याने थोडं थांबायला सांगितलंय. सगळ्यांनी भेटून बोलायला हवं.

पुणेकरीण रडली नाही. तिने इस्त्री काढली आणि घरातले सगळे कपडे इस्त्री करायला घेतले. ते संपल्यावर टॉवेल आणि फडकी. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू त्याला काही बोललीस का?"

"एक शब्द नाही."

"खरं सांग गं. मी रागावणार नाही."

"आईशपथ. मी तर त्याच्याशी इतकी गोड वागतेय, की माझे दात दुखायला लागलेत."

तिने माझं ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही, ते मला दिसत होतं. तिचा अडतिसावा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता. क्लिनिकच्या रांगेत आमचं नाव होतं, पण ते कुठल्या कुठे मागे. हा माणूस गेला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

त्या खोलीत आम्ही चौघं बसलो. समुपदेशक बाईंनी त्याला विचारलं, तुमच्या मनात काय आहे ते सांगा. तो टोपीची कड चिवडत राहिला. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"ही माझ्याशी भांडत नाही आता," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, म्हणजे संबंध सुधारलेत का.

"नाही, नाही. बिघडलेत." आणि मग तो बोलू लागला तो थांबेना. त्याचे आजोबा म्हणे दारोदार भाजी विकत फिरायचे. ज्या घरातली बाई भाव करायची ते घर आपलं, असं ते धरायचे. जी मुकाट पैसे देते, तिला उद्यापासून तुमची भाजी नको असते. माझे ते होकार ऐकून त्याला वाटलं, एक तर मला पस्तावा झालाय आणि मला तसं तोंडावर सांगता येत नाही, नाहीतर मी त्याला मोबदला देतेय, भाजीच्या भावात लपवून. ते दुसरं त्याला जास्त लागलं होतं. म्हणून तो मुद्दाम भाव चढवत गेला, की कधीतरी ही ओरडेल. मी ओरडले नाही. आपण विकले गेलो, असं मनात घेऊन तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, मला हे नको.

माझ्या डोक्यात काय झालं सांगते. इतके गुरुवार मी जीभ चावून काढले, आणि हा माणूस त्यावर रुसून बसलेला.

"अरे मूर्खा," मी म्हटलं, "मी तुला सोयरा मानलं."

बाईंनी मला सौम्य शब्द वापरायला सांगितले. सोयरा म्हणजे काय ते मला इंग्रजीतून समजावून सांगावं लागलं, आणि सोयऱ्याशी भाव का करत नाहीत तेही. तो ऐकत होता. पण त्याच्या तोंडावरची घडी काही उलगडेना. बोलून तो परत येणार नव्हता, हे मला कळलं. बोलणं हा त्याचाही धंदा नव्हता आणि माझाही.

"गेल्या आठवड्याची मेथी," मी म्हटलं. "पेटीत खाली सगळी पिवळी पानं होती."

त्याने मान वर केली. "पिवळी नव्हती."

"माझी आई निवडत बसली होती. तिला विचार. अर्धी गायीला घालण्यासारखी. आणि भाव काय लावलास?"

"पाऊस किती झाला ते बघितलंस का? कापायला माणसं मिळत नाहीत."

"पेटीला आठ देईन."

"आठ? बेन, आठ डॉलरमध्ये तर मी रिकामी पेटीही देणार नाही. बारा."

"तुझ्या शेजारचा शीख मला सातला देतोय."

"त्याची मेथी खाल्लीयेस? गवत आहे ते." तो आता खुर्चीच्या कडेवर आला होता. "अकरा."

समुपदेशक बाईंनी टिश्यूचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. पुणेकरणीने आधी दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं होतं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मला क्षणभर वाटलं रडतेय, पण ती हसत होती. त्याची बायकोही हसायला लागली. आम्ही दोघं मात्र हसत नव्हतो. नऊवर आलो, वर कोथिंबिरीच्या चार जुड्या, आणि पिवळं पान निघालं तर ती पेटी परत. त्याने हात पुढे केला, मी टाळी दिली.

मग तो बाईंकडे वळला आणि इथल्या पोरांसारखं म्हणाला, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास, माझी काही हरकत नाही. बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. हे असंच चालू राहणार का, असं त्यांनी विचारलं. पुणेकरीण म्हणाली, आमची तशीच इच्छा आहे.

पहिल्या खेपेला मी तिचा हात धरून उभी होते. नर्सबाईंचं काम इतक्या लवकर आटोपलं, की मी विचारलं, एवढंच? पुणेकरीण छताकडे बघत पडून राहिली आणि म्हणाली, आता हलवू नकोस मला. दोन आठवड्यांनी काही नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. त्या वेळी मात्र ती दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये जाऊन बसली. मला आत जायचं धाडस झालं नाही. आई गेली. दोघी बराच वेळ तिथे होत्या. मी दाराबाहेरून ऐकलं ते एवढंच, आई म्हणत होती, "बी पहिल्या पेऱ्याला उगवतंच असं नाही गं बाई. रान कुणाचं वाईट नसतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरी खेप बघू, नाहीतर मग इंजेक्शनांचा मार्ग धरू. पुणेकरीण हो म्हणाली.  गुरुवारी तो यायचा, आम्ही भांडायचो, जाताना तो भुवई वर करायचा, मी मान हलवायची, अजून नाही म्हणून.

ज्या दिवशी रक्ताच्या तपासणीचं कळणार होतं, तो सोमवार होता. फोन तिच्या ऑफिसात येणार होता. मी सकाळपासून तीन गिऱ्हाइकांशी भांडले. दुपारी बघते तर ती दुकानाच्या दारात, भाजीच्या पेट्यांमध्ये उभी. फोन करायचा सोडून ट्रेनने आली होती. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकलेलं. काउंटरशी फिजीच्या एक बाई जिरं घ्यायला आल्या होत्या. आई स्टुलावर मेथी निवडत होती.

"दिवस राहिले," पुणेकरीण म्हणाली. माझ्याकडे बघून, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.  

या खेपेला ते आईनेही ऐकलं. तिने मांडीवरची मेथी परातीत सारली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, फोन लावून दे पोरिरुआला. मी लावून दिला. आई फोनवर इतक्या मोठ्याने बोलते, की तारांची गरज पडू नये. मला वाटलं, ती सांगणार, पुणेकरणीला दिवस गेलेत. खरंही तेच होतं.

"अरे," ती म्हणाली, "तुझी ताई आई होणार आहे."

 पलीकडून काय येत होतं ते मला कळत नव्हतं. 

"तू काय बोलला होतास ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "ते ठेव आता तुझ्यापाशी. घे, तिच्याशी बोल."

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. पुणेकरीण म्हणाली, घे गं. तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. मी फोन घेतला. माझा राग काही गेलेला नव्हता, तो आजही आहे. पण फोन घेतला.   पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी सर्दी झाली की यायचा तसा. आणि दोघांपैकी कुणीही ठेवत नव्हतं.

फिजीच्या बाई जिऱ्याची पिशवी हातात घेऊन उभ्याच होत्या. पुणेकरीण काउंटरच्या आत आली, तिने नाक ओढलं, जिरं तोललं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आतच भाव कमी करून दिला. मी ते बघितलं. फोन कानाला होता, म्हणून काही बोलले नाही.